धुरपदाक्काची फेरपरीक्षा

एका जंगलात, बाळांनो, कळप पुष्कळ होते आणि प्रत्येक कळपाला एक प्रमुख होता. त्याला प्रमुख का म्हणायचं, असं कोणी विचारत नसे. तो पुढे चालायचा आणि बाकीचे त्याच्या मागे चालायचे. इतकं ते सोपं होतं, म्हणूनच फार दिवस टिकलं नाही.

नीट बसा बघू सगळे. ज्यांच्या कोटाला बिल्ला आहे त्यांनीही मांडी घालून बसावं. गोष्टीत सगळे सारखेच असतात.

तर, त्या जंगलात गव्यांचा एक कळप होता. गवा दिसतो म्हशीसारखा, पण म्हैस त्याच्याशेजारी उभी राहिली तर रेडकू वाटेल. त्याच्या चारही पायांत पांढरे मोजे असतात. या कळपाची प्रमुख होती धुरपदाक्का. तिचं डावं शिंग टोकाशी मोडलेलं होतं आणि नजर थोडी अधू झाली होती. पण नाक शाबूत होतं. उन्हाळ्यात झरा आटला की ती जमिनीला नाक लावायची, थोडा वेळ उभी राहायची आणि चालू लागायची. कळप मागोमाग निघायचा. संध्याकाळी सगळे पाण्यावर असायचे.

त्या वर्षी कळपात एकच वासरू झालं. धुरपदाक्काच्या धाकट्या जावेला, जनाईला, मुलगी झाली. बुधवारी झाली म्हणून नाव ठेवलं बुधी. जंगलात वार असतात का, असं विचारणाऱ्या मुलाने बाहेर जाऊन उभं राहावं.

आता घोरपडीकडे येऊ.

घोरपडीला कळप नसतो. ही घोरपड एकदा वडाखालच्या एका खुंटावर ऊन खायला बसली होती. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तीही सुटली नाही. बसल्या बसल्या ती समोरून जाणारे कळप बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, की हे जे पुढे चालतात ते कोणत्या आधारावर चालतात? यांना कोणी शिकवलंय? यांच्याकडे काही कागद आहे?

कागद कोणाकडेच नव्हता. तेव्हा घोरपडीने बसल्या जागेवरूनच ‘अखिल अरण्य कळपप्रमुख परिषद’ स्थापन केली आणि बसल्या जागेवरूनच ती तिची सरचिटणीस झाली.

सुरुवातीला सांबर आला. त्याला शिंगावर अडकवायला सागाचं एक मोठं पान मिळालं. हे सदस्यत्वाचं पान. ते पान लोंबून त्याच्या एका डोळ्यावर आलं, त्यामुळे समोरचं अर्धंच दिसू लागलं.

“मला नीट दिसत नाही,” सांबर म्हणाला.

“सदस्याला दिसायची गरज नसते,” घोरपड म्हणाली, “त्याला दृष्टिकोन असतो.”

सांबराला हे फार आवडलं. त्याने पाणवठ्यावर जाऊन ते चार जणांना ऐकवलं. मग चितळांचा प्रमुख आला, रानडुकरांचा आला, वानरांचा आला. सशांच्या प्रमुखाचं पान त्याच्यापेक्षा मोठं होतं. तो दिसेनासा झाला, पण त्याची हरकत नव्हती. महिन्याभरात सोळा कळपांचे सोळा प्रमुख सदस्य झाले. आणि ज्यांना कळप नव्हता, पण कळपांची आवड होती, अशांसाठी सहयोगी सदस्यत्व निघालं. त्यात पहिला अर्ज तरसरावांचा आला.

परिषदेचं काम जोरात सुरू झालं. समित्या किती झाल्या म्हणता? सत्तावीस. जोखीम समितीची अध्यक्ष टिटवी. आकाश कोसळेल म्हणून ती पूर्वीपासूनच पाय वर करून झोपायची, त्यामुळे तिचा अनुभव दांडगा होता. प्रत्येक कळपाच्या मंडळावर एक बाहेरचा, निःस्वार्थी संचालक असावा असाही नियम झाला. सशांनी कोल्ह्याला घेतलं. “मला सशांच्या कळपात काडीचाही रस नाही,” कोल्हा शपथेवर म्हणाला. “मला फक्त एकेकट्या सशात रस आहे.” त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या झाल्या.

आणि इतिवृत्तं! प्रत्येक सभेचं इतिवृत्त वाळक्या पानांवर लिहिलं जाई. सत्तावीस समित्या, रोज निदान तीन सभा. वडाच्या आसपासची सगळी वाळकी पानं, काटक्या, गवत, सगळं लिहिण्यात संपलं. वडाभोवतीची जमीन सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ झाली. लिहून झालेली पानं दप्तरी जात. दप्तर वाळवीकडे होतं. ती प्रत्येक पान बारकाईने बघायची आणि मागे काही ठेवायची नाही.

धुरपदाक्का यात कुठे होती? कुठेच नव्हती. तिला परिषदेची तीन आमंत्रणं आली आणि तिन्ही तिने खाल्ली. चांगली ताजी पानं होती.

मग एक दिवस घोरपडीने वाघापुढे हुकूम ठेवला. वाघ परिषदेचा मानद आश्रयदाता होता. नुकताच जेवून उठला होता, किंवा जेवून उठत नव्हता असं म्हणा. त्याने न वाचता पंजा उठवला. हुकूम असा होता, की येत्या पुनवेपर्यंत ज्या कळपाचा प्रमुख परिषदेचा सदस्य झालेला नसेल त्या कळपावर प्रशासक नेमण्यात येईल.

प्रशासक म्हणजे कोण, बाळांनो? ज्याला कळपातलं काही माहीत नसतं, आणि म्हणूनच ज्याच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करू शकत नाही, तो. परिषदेकडे प्रशासकांची यादी होती. त्या यादीत एकच नाव होतं. तरसराव.

ही बातमी वानरांनी आणली तेव्हा जनाई बुधीला चाटत होती. ती चाटायची थांबली.

“अक्का,” ती म्हणाली, “तरस येणार आपल्यात?”

“येत न्हाई.”

“पण हुकूम आहे म्हणतात. मागं त्या भेकरांच्या कळपात दोन दिवस पाहुणा म्हणून राहिला, तर दोन पाडसं गेली. आणि माझी ही तर अजून धड उभी राहत नाही हो.”

धुरपदाक्काने बुधीकडे बघितलं. बुधी उभी राहायला गेली आणि मागच्या पायांवर बसली.

तरस एकटा आला असता तर अक्काने त्याला उरलेल्या शिंगावर घेऊन करवंदीच्या जाळीत टाकला असता. ते तिला जड नव्हतं. पण या तरसाच्या मागे हुकूम होता आणि हुकमाच्या मागे वाघ होता. हुकमाला शिंगावर घेता येत नाही.

“जाते मी त्या वडाखाली,” ती म्हणाली. “काय असंल ते पान, लावून घेते.”

पण नुसतं पान लावायचे दिवस आता गेले होते. आता आधी तीन दिवसांचा प्रमाणपत्र वर्ग होता आणि मग परीक्षा होती.

धुरपदाक्का वर्गाला बसली. पहिल्या दिवशी घोरपडीने खुंटावरून विचारलं, “तुमच्या कळपाचं ध्येय काय?”

“गवत,” धुरपदाक्का म्हणाली.

“आणि पुढच्या पाच वर्षांचं?”

“पुढचं गवत.”

वर्ग हसला. धुरपदाक्काला कळेना, की यात हसण्यासारखं काय आहे, पण तीही थोडी हसली. चांगल्या मनाची होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी सभाशास्त्र झालं. सूचक कोण, अनुमोदक कोण, गणसंख्या म्हणजे काय. विषयपत्रिकेवर नसलेला विषय आधी घेता येत नाही. तो सगळ्यात शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात घ्यायचा. घोरपडीने हे तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्या दिवशी सदस्यांची कर्तव्यं झाली. सदस्याला एखाद्या समितीवर नेमलं तर नाही म्हणता येत नाही, असं घोरपड म्हणाली. नाव कोणीही सुचवावं, अगदी बाहेरच्यानेही सुचवावं, कारण सत्तावीस समित्यांना सदस्य पुरत नव्हते. धुरपदाक्का हे सगळं ऐकत होती आणि रवंथ करत होती. रवंथ करताना तिला चांगलं लक्षात राहायचं.

मग तोंडी परीक्षा झाली. प्रश्न एकच होता.

“वणवा लागला आहे. प्रमुखाचं पहिलं कर्तव्य कोणतं?”

धुरपदाक्काचा चेहरा उजळला. हे तिला येत होतं. “वारा कुठनं येतोय त्ये बघायचं,” ती म्हणाली, “आणि पाण्याकडं निघायचं. वासरं मदी घ्यायची.”

घोरपड वाट बघत राहिली. “पुढे?”

“पुढं काय? पोचायचं.”

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. मग सांबराने आदर्श उत्तर वाचून दाखवलं: तातडीच्या सभेची सूचना काढणे, गणसंख्या तपासणे, वणवा आहे किंवा कसे, हे ठरवण्यासाठी उपसमिती नेमणे, उपसमितीचे आभार मानणे.

“तुमचं उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही,” घोरपड मायेने म्हणाली. “पण फार लहान आहे. प्रमुखाला शोभत नाही. तुम्ही नापास आहात.”

धुरपदाक्का मान खाली घालून निघाली. तिने आयुष्यात कळप पन्नास वेळा पाण्यावर नेला होता, पण इतकं लाजल्यासारखं तिला कधी झालं नव्हतं. मला हे सांगतानासुद्धा राग येतो. असो. फेरपरीक्षा होती. ती परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आणि पुनव त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ही शेवटचीच संधी होती.

अधिवेशनाच्या सकाळी सोळाही प्रमुख पानं लावून वडाखाली जमले. निघताना प्रत्येकाने आपापल्या कळपाला बजावलं होतं, की मी परत येईपर्यंत जागचे हलू नका. वडाभोवती वेलींची दोरी बांधली होती. आत सदस्य, बाहेर इतर. धुरपदाक्का बाहेर उभी राहून आदर्श उत्तर पाठ करत होती. सूचना काढणे, गणसंख्या तपासणे. पुढचं काही केल्या आठवत नव्हतं.

अधिवेशनाचा विषय होता ‘संकटातून संधी’. विषयपत्रिकेवर चौदा विषय होते. पहिल्या विषयात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. ते वाळवीने आधीच वाचलेलं असल्यामुळे न वाचता कायम झालं. दुसरा विषय स्वागताचा होता, तो दोन तास चालला. तिसऱ्या विषयाला सुरुवात झाली आणि धुरपदाक्काचं पाठांतर अचानक थांबलं.

तिने नाक वर केलं. पुन्हा एकदा हुंगलं.

“धूर!” ती ओरडली. “अवो, धूर येतोय! पल्याडच्या डोंगराकडनं!”

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हणजे ज्याच्या ज्या डोळ्यावर पान नव्हतं त्या डोळ्याने बघितलं.

“बाहेरच्यांना सभेत बोलण्याचा अधिकार नाही,” घोरपड म्हणाली.

“अवो पण वारा हिकडंच हाय!”

चितळांच्या प्रमुखाचं नाक वळवळलं. “सरचिटणीसबाई, वास तर मलाही येतोय.”

“तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला विषय मांडता येईल,” घोरपड म्हणाली. “ऐनवेळच्या विषयांत. चौदावा विषय. सध्या आपण तिसऱ्यावर आहोत.”

“मग चौदावा आधी घेऊ या का?”

“तसं करायचं तर क्रम बदलण्याचा ठराव मांडावा लागेल. आणि ठराव विषयपत्रिकेवर नाही.”

चितळ विचारात पडला. नियम त्याला पाठ होता. टिटवीने तेवढ्यात जोखीम समितीचा अहवाल चाळला आणि जाहीर केलं, की चालू वर्षी आकाश कोसळण्याखेरीज अन्य कोणतीही जोखीम नोंदलेली नाही. त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

धुरपदाक्का मात्र अडकली होती. तिने वडाकडे बघितलं. दुपारची फेरपरीक्षा होती. आता गेली तर गैरहजर लागणार, गैरहजर लागली तर नापास, आणि नापास झाली तर उद्या पुनवेला तरस कळपात. पण थांबली तर उद्यापर्यंत कळपच राहणार नाही. बुधी अजून पळायला शिकली नव्हती.

तिने फार वेळ विचार केला नाही. तुम्ही केला असता, बाळांनो. ती वळली आणि धावत सुटली.

कळप आटलेल्या झऱ्यापाशी होता. अक्का दिसताच जनाई बुधीला ढुसण्या देत उठवू लागली. “मदी घ्या तिला,” अक्का म्हणाली. “डोहाकडं.” कळप निघाला.

उताराला चितळांचा कळप उभा होता. धूर डोळ्यांत जात होता, पिल्लं शिंकत होती, पण सगळे जागच्या जागी उभे होते.

“उभं काय ऱ्हायलाय?” अक्का ओरडली. “चला की!”

“आमचे प्रमुख अधिवेशनाला गेलेत,” एक म्हातारी चितळीण म्हणाली. “येईपर्यंत हलायचं नाही असं सांगितलंय. तुम्ही सदस्य आहात का?”

“न्हाई.”

चितळिणीने अक्काच्या कोऱ्या शिंगांकडे बघितलं. मग डोंगरावरच्या धुराकडे बघितलं. “चला,” ती मागच्यांना म्हणाली.

पुढे सांबरं भेटली, रानडुकरं भेटली. वानरं झाडावरून झाडावर येऊ लागली. ससे तर न विचारताच मागे लागले, कारण त्यांच्या मंडळावरचा कोल्हा त्यांच्या फार जवळ बसला होता. अक्का कोणाला बोलवत नव्हती. ती पुढे चालत होती, एवढंच. मोडकं शिंग, अधू नजर, जमिनीजवळ धरलेलं नाक. मागून सोळा कळप आणि सतरावा तिचा स्वतःचा.

सगळे डोहात उतरले. मोठे मानेएवढ्या पाण्यात, लहान काठाच्या उथळ पाण्यात, ससे रानडुकरांच्या पाठीवर. जनाई आणि अक्का दोघींनी मधे घट्ट धरून बुधीचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं. वणवा काठापर्यंत आला, पाण्याकडे बघत फुसफुसला आणि निघून गेला. संध्याकाळी मोजदाद झाली. सोळा अधिक एक, सतरा कळपांतलं एकही पिल्लू कमी नव्हतं. बुधीला तर पोहायची गोडी लागली. ती पाण्याबाहेर यायला तयार होईना.

आणि अधिवेशनाचं काय झालं? ते चालूच होतं.

वणवा वडाकडेही आला. सदस्य सहाव्या विषयावर होते. आग दोरीपर्यंत आली, दोरी जाळली, आणि तिथे अडकली. पुढे जाळायला काही नव्हतं. एक वाळकं पान नाही, एक काटकी नाही. सगळं इतिवृत्तांत गेलेलं. आग थोडा वेळ काठाकाठाने फिरली, कंटाळली आणि विझली. संध्याकाळी चौदावा विषय आला तेव्हा चितळाने नियमाप्रमाणे वणव्याचा विषय मांडला. त्यावर ‘वणवा’ हा शब्द टोकाचा आहे, अशी उपसूचना आली. शेवटी ‘काही काळ जाणवलेल्या उबदार वातावरणाची’ नोंद घेण्यात आली आणि वणव्याने दाखवलेल्या सहकार्याबद्दल त्याचे आभार मानून सभा संपली.

पुढच्या सभेत अहवाल आला. परिषदेच्या एकाही सदस्याच्या कळपातला एकही प्राणी दगावला नव्हता! जंगलाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. इतके कळप इतके सुखरूप, म्हणजे नेतृत्व किती उत्तम असलं पाहिजे. सोळाही प्रमुखांना ‘मान्यवर’ ही पदवी आणि दुसऱ्या शिंगासाठी दुसरं पान देण्यात आलं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पानं आली. वानरासारख्या ज्यांना शिंगं नव्हती त्यांनी ती कानांत अडकवली.

धुरपदाक्कावरही विषय होता. तिने परवानगी नसताना सोळा कळपांचं नेतृत्व केलं, असे तिच्यावर सोळा ठपके ठेवले गेले. शिवाय ती फेरपरीक्षेला गैरहजर होती. निकाल नापास. पुनव उलटली होती. प्रशासकाच्या नेमणुकीचा ठराव सांबराने मांडला, चितळाने त्याला अनुमोदन दिलं. दोघांच्याही कळपांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी माना खाली घातल्या. पण माना खाली घालण्यापलीकडे काही केलं नाही. तेवढं खरं आहे, ते सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरसराव कळपात आले. एका कानाला सहयोगी सदस्याचं पान, दुसरा कान मोकळा, दोन्ही डोळे उघडे. त्यांनी कळपाभोवती एक चक्कर मारली. मग ते बुधीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ तिला बघत राहिले.

“कळप तसा चांगला आहे,” ते म्हणाले. “पण वासरांची संख्या गरजेपेक्षा जास्त वाटते.”

“एकच तर हाय,” अक्का म्हणाली.

“तेच म्हणतोय मी. एक कमी करून बघू. उद्या सकाळपासून सुरुवात करतो.” ते जवळच्याच झाडाखाली आडवे झाले.

जनाई रडू लागली. “अक्का, एकदा शिंगावर घ्या याला. पुढं जे व्हायचं ते होऊ दे.”

अक्का रवंथ करत उभी होती. वर्गाचा पहिला दिवस वर आला, तो तिने चावून टाकला. दुसरा दिवस आला, तोही गेला. मग तिसरा दिवस वर आला आणि अक्काचा जबडा एकदम थांबला. जनाईला वाटलं, हिला ठसका लागला.

“लेकीला सांभाळ,” अक्का म्हणाली. “मी वडाखाली जाऊन येते.”

घोरपड खुंटावर होतीच. अक्काला बघून तिने मान फिरवली.

“बाई,” अक्का म्हणाली, “माझं चुकलं. येवढं शिकवलंत, पण माझ्या डोक्यात न्हाई शिरलं. पण तुमचे उपकार हायेत. काय परशासक धाडलाय! सोन्यासारखा माणूस. माझ्या मनाला एकच गोष्ट लागून ऱ्हायलीय.”

घोरपडीने मान परत फिरवली. “कोणती?”

“एवढा मोठा माणूस, आणि अठरा गुरांच्या कळपावर वाया चाललाय. तुमच्या समित्या रिकाम्या पडल्यात आन् त्यो झाडाखाली झोपलाय. बघवत न्हाई मला. त्यांचं नाव सुचवू का?”

घोरपडीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. परिषद निघाल्यापासून तिला स्वतःहून कोणी नाव सुचवलं नव्हतं. “किती समित्यांसाठी सुचवता?” तिने विचारलं.

“रिकाम्या किती हायेत?”

दुपारीच टिटवी निरोप घेऊन कळपात पोचली. “तरसराव, अभिनंदन! अकरा समित्यांवर आपली एकमताने निवड झाली आहे. पहिली बैठक आत्ता आहे.”

“उद्या येतो,” तरसराव म्हणाले. “उद्या सकाळी इथे थोडं काम आहे.”

“सदस्याला नाही म्हणता येत नाही,” टिटवी म्हणाली. “आणि हार तयार आहेत. जेवणही आहे.”

तरसरावांनी बुधीकडे बघितलं, मग वडाच्या दिशेने बघितलं. आयुष्यात त्यांना हार कोणी घातला नव्हता. लोक त्यांना दगडच मारत आले होते. ते उठले, अंग झटकलं आणि गेले.

त्या दिवसापासून त्यांचे पाय कळपात ठरले नाहीत. ते यायचे, बुधीकडे वळायचे, आणि मागोमाग टिटवी यायची. कधी गुणवत्ता समिती, कधी शिस्तपालन समिती, कधी समित्यांची संख्या कमी करण्यासाठी नेमलेली नवी समिती. अक्का दर आठवड्याला वडाखाली जाऊन नाव सुचवून यायची. तरसरावांनाही त्यात मजा वाटू लागली. भाषण करायचं, हार घालून घ्यायचा, अधिवेशनाचं जेवण जेवायचं. पोट सुटलं त्यांचं. धावायचं तर ते विसरूनच गेले.

इकडे कळपात धुरपदाक्का पुढे चालायची आणि बाकीचे मागे चालायचे. पाणी मिळत होतं, गवत मिळत होतं. पुढच्या वर्षी आणखी चार वासरं झाली. परिषदेच्या अहवालात त्याची ठळक नोंद आली: प्रशासकांच्या कारकिर्दीत वासरांच्या संख्येत विक्रमी वाढ. तरसरावांना ‘सर्वोत्तम प्रशासक’ म्हणून गौरवण्यात आलं. मान्यवराचं दुसरं पान दुसऱ्या कानाला लागलं, दोन्ही पानं लोंबून डोळ्यांवर आली आणि खास गौरवाचं तिसरं पान नाकावर आलं.

तशा थाटात ते एकदा कळपाच्या वार्षिक तपासणीला आले. समोरच बुधी उभी होती. आता ती चांगली थोराड झाली होती, पायांत पांढरे मोजे आले होते. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर गवत खात होती. तरसरावांनी पानांच्या आडून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पानाच्या वासाशिवाय त्यांना कसलाही वास येत नव्हता.

“ते वासरू होतं ना इथे एक,” ते म्हणाले. “गरजेपेक्षा जास्त होतं ते. कुठे आहे?”

बुधीने तोंडातला घास गिळला.

“साहेब,” ती म्हणाली, “ते बैठकीला गेलंय.”

तरसरावांनी समाधानाने मान हलवली. “छान, छान,” ते म्हणाले. “गुण दिसतात पोरीत.” आणि मागून टिटवीची हाक आली म्हणून ते घाईघाईने निघून गेले.

तात्पर्य: ज्याच्यावर कळप सोपवायचा आहे त्याला परिषदेचा सदस्य करू नये. ज्याच्यापासून कळप वाचवायचा आहे त्याला मात्र अवश्य करावे, जमल्यास अध्यक्षही करावे.